पेशीतील इवली चिठ्ठी

(आपल्या शरीरातील बहुतेक सर्व पेशींजवळ जवळजवळ एकच माहिती असते. तरीही एक पेशी रक्ताची होते, दुसरी हाडाची, तिसरी मेंदूची. हे कसे घडते, त्यात एका अतिशय लहान रेणूचा वाटा किती, आणि त्याचा उपयोग करून जखमी अवयव दुरुस्त करता येतील का, हे प्रस्तुत पाठात सोप्या भाषेत सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, पाल तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. मांजराने झडप घातली की पाल आपली शेपटी टाकून देते. तुटलेली शेपटी काही वेळ वळवळत राहते. मांजर तिच्याकडे पाहत बसते आणि पाल निसटून जाते. काही आठवड्यांनी तिला नवी शेपटी फुटते. ही नवी शेपटी मात्र हुबेहूब पहिल्यासारखी नसते. तिच्यात मणके नसतात, मणक्यांच्या जागी कूर्चेची एक नळी असते. पण शेपटी येते, हे खरे.

नववीच्या वर्गात मी हे सांगत होतो, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील यंत्रमागावर काम करतात. मागाच्या पट्ट्यात हात सापडून त्यांच्या उजव्या हाताचे एक बोट तुटले होते. त्याने विचारले, "सर, पालीला शेपटी येते, मग अब्बांना बोट का येत नाही?"

वर्ग शांत झाला. त्या दिवशी मी त्याला पुरते उत्तर देऊ शकलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला एक छापील कागद आणून दाखवला. दूरच्या शहरातील एका दवाखान्याची ती जाहिरात होती. 'मूलपेशींच्या इंजेक्शनाने कोणताही अवयव पूर्ववत' असे तिच्यात लिहिले होते. ते इंजेक्शन घेण्यासाठी घरातला एक माग विकावा, असा विचार त्याच्या घरी चालू होता.

त्या मुलासाठी मी वाचायला बसलो. मला जे समजले ते आज तुम्हांला सांगतो.

प्रथम एक शब्द समजून घेऊ. उर्दूत 'पेशी' म्हटले की कोर्टातली तारीख आठवते. मराठीत 'पेशी'चा अर्थ अगदी वेगळा आहे. विज्ञानाच्या तासाला तुम्ही ज्याला 'खलिया' म्हणता, ती ही पेशी. घर विटांचे बनते, तसे शरीर पेशींचे बनते. पण विटा सगळ्या सारख्या असतात. पेशी सारख्या नसतात. मेंदूच्या पेशीला लांब धागे असतात. स्नायूची पेशी आकुंचन पावते. रक्तातली तांबडी पेशी बशीसारखी चपटी असते.

आता नवलाची गोष्ट पाहा. या बहुतेक सर्व पेशींच्या केंद्रकात डीएनए नावाचा एकच ग्रंथ असतो. मेंदूच्या पेशीत जो ग्रंथ, तोच यकृताच्या पेशीतही. मग पेशी वेगवेगळ्या का होतात?

एक कल्पना करा. एका मोठ्या बावर्चीखान्यात पदार्थांच्या कृतींचे एक जाड पुस्तक आहे. ते कपाटात कुलूप लावून ठेवले आहे. पुस्तक कपाटाबाहेर काढायचे नाही, असा नियम आहे. ज्या दिवशी जो पदार्थ करायचा, त्याची कृती एका कागदावर उतरवून घ्यायची आणि तो कागद बावर्च्याच्या हाती द्यायचा. बावर्ची कागद वाचतो आणि पदार्थ तयार करतो.

पेशीतही असेच चालते. जाड पुस्तक म्हणजे डीएनए. त्यातली एकेक कृती म्हणजे एकेक जनुक. माणसाच्या डीएनएमध्ये प्रथिने तयार करणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. कृती उतरवलेला कागद म्हणजे संदेशवाहक आरएनए. कागद वाचणारा बावर्ची म्हणजे रायबोसोम, आणि तयार होणारा पदार्थ म्हणजे प्रथिन. पुस्तक सगळीकडे एकच असते, पण प्रत्येक बावर्चीखान्यात रोज वेगळे पदार्थ शिजतात. म्हणून एक पेशी स्नायू होते आणि दुसरी त्वचा.

कोणती कृती उतरवायची आणि कोणती नाही, हे ठरवणारी प्रथिने पेशीत असतात. शास्त्रज्ञांना हे पूर्वीपासून माहीत होते. पण कागद उतरवून झाल्यावर, तो बावर्च्याच्या हाती पडल्यावरही कोणी त्यावर 'हे आज शिजवू नका' अशी चिठ्ठी लावू शकेल, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. ती चिठ्ठी सापडली एका किड्यामुळे.

मातीत राहणारा हा गोल कृमी लांबीने फक्त एक मिलीमीटर असतो. त्याचे शास्त्रीय नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. त्याचे शरीर पारदर्शक असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली त्याची एकेक पेशी मोजता येते. पूर्ण वाढ झालेल्या कृमीच्या शरीरात प्रजननपेशी सोडून ९५९ पेशी असतात. अंड्यातून बाहेर पडल्यावर बाल्यावस्थेच्या चार पायऱ्या चढून तो मोठा होतो. प्रत्येक पायरीवर कोणत्या पेशीने केव्हा विभागायचे, हे ठरलेले असते.

अमेरिकेतील व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन हे दोन शास्त्रज्ञ या कृमीचे दोन बिघडलेले प्रकार तपासत होते. एका प्रकारात 'लिन-४' नावाचे जनुक बिघडलेले होते. त्याच्या काही पेशी पहिल्या पायरीचेच काम पुन्हा पुन्हा करत राहत. नापास झालेला विद्यार्थी त्याच वर्गात बसून राहावा, तसे त्यांचे होई. दुसऱ्या प्रकारात 'लिन-१४' हे जनुक बिघडलेले होते. त्याच्या पेशी उलट पहिली पायरी गाळून पुढे जात. लिन-४ हे लिन-१४ ला आवरते, एवढे कळले होते. पण कसे आवरते, ते कळत नव्हते.

अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेने लिन-४ जनुक शोधून काढले, तेव्हा सर्वांनाच आश्चर्य वाटले. हे जनुक प्रथिन तयारच करत नव्हते. त्यापासून मिळत होता तो आरएनएचा एक इवलासा तुकडा. त्याची लांबी होती फक्त २२ अक्षरे! संदेशाचा कागद हजारो अक्षरांचा असतो, त्यापुढे २२ अक्षरे म्हणजे काहीच नव्हे. १९९२ साली दोघांनी आपापली अक्षरे एकमेकांना कळवली आणि ताडून पाहिली. लिन-४ ची अक्षरे लिन-१४ च्या संदेशाच्या शेवटच्या भागाशी जुळत होती. कडीत कोयंडा बसावा, तसा हा तुकडा संदेशावर बसत होता. तो बसला की त्या संदेशाचे प्रथिन तयार होत नसे. १९९३ साली दोघांनी हे संशोधन प्रसिद्ध केले.

पण जगाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. हा एका किड्याचा विचित्रपणा असेल, असे पुष्कळांना वाटले. सात वर्षे गेली. २००० साली रुव्हकुन यांच्या गटाला 'लेट-७' नावाचा असाच दुसरा तुकडा सापडला. या वेळी त्यांनी इतर प्राण्यांतही शोध घेतला. लेट-७ माशीत होता, माशात होता आणि माणसातही होता. मग मात्र शोधांची रीघ लागली. या तुकड्यांना 'मायक्रोआरएनए' म्हणजे सूक्ष्म आरएनए असे नाव पडले. माणसात त्यांची एक हजाराहून अधिक जनुके आहेत, असे आज मानले जाते. २०२४ साली अँब्रोस आणि रुव्हकुन यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. किड्याचा विचित्रपणा वाटला होता, तो बहुतेक सर्व प्राण्यांना लागू असलेला नियम ठरला.

ही चिठ्ठी तयार कशी होते, तेही पाहू. प्रथम आरएनएचा एक लांब, दुमडलेला धागा तयार होतो. डायसर नावाचे प्रथिन कात्रीसारखे काम करून त्याचा लहान तुकडा कापते. मग आर्गोनॉट नावाचे प्रथिन तो तुकडा हातात धरते आणि जुळणारा संदेश शोधत फिरते. संदेश सापडला की त्याचे वाचन थांबते, किंवा तो कागदच फाडला जातो. एक मायक्रोआरएनए शेकडो वेगवेगळ्या संदेशांवर बसू शकतो. म्हणून चिठ्ठी लहान असली, तरी तिचा अधिकार मोठा असतो.

आता आपण जाहिरातीतल्या त्या शब्दाकडे येऊ. मूलपेशी म्हणजे काय?

मराठीत 'मूल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ मूळ, आणि दुसरा अर्थ बालक. मूलपेशीला हे दोन्ही अर्थ शोभतात. बाकीच्या पेशी तिच्यापासून निघतात, म्हणून ती मूळ. आणि पुढे काय व्हायचे हे तिचे अजून ठरलेले नसते, म्हणून ती लहान बालकासारखी. मूलपेशीला दोन गोष्टी करता येतात. ती विभागून आपल्यासारखीच दुसरी मूलपेशी तयार करते. शिवाय वेळ आली की विशिष्ट कामाची पेशीही तयार करते.

तुमच्या हाडांच्या पोकळीतील मज्जेत अशा मूलपेशी आहेत. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. मेलेल्या पेशींची जागा भरून काढण्यासाठी शरीर दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तांबड्या पेशी तयार करते. हे सगळे काम त्या मूलपेशींच्या वंशातून चालते. रक्ताच्या काही गंभीर आजारांत निरोगी माणसाची मज्जा रुग्णाला देतात. भारतात हा उपचार १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केला. बालपणी पोलिओ झाल्यामुळे चाकांच्या खुर्चीवर बसून त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली.

प्रत्येक मूलपेशीपुढे एक प्रश्न असतो. मूलपेशीच राहायचे, की कामाला लागायचे? कामाला लागायचे, तर कोणत्या? या निर्णयात मायक्रोआरएनएचा वाटा मोठा आहे.

उंदराच्या गर्भातील मूलपेशींमधून डायसरची कात्री काढून टाकली, तर त्या जगतात, पण त्यांना कोणतीही विशिष्ट पेशी नीट होता येत नाही. म्हणजे चिठ्ठ्या बंद झाल्या की मूलपेशी मोठी होतच नाही. दुसरे उदाहरण लेट-७ चे. मूलपेशीत 'लिन-२८' नावाचे प्रथिन लेट-७ ला तयार होऊ देत नाही. पेशी वयात येऊ लागली की लिन-२८ कमी होते, लेट-७ वाढतो आणि बालपणाचे संदेश बंद करतो. लेट-७ हा जणू पेशीला सांगतो, 'आता खेळणे पुरे, कामाला लागा.' अनेक कर्करोगांत हाच लेट-७ कमी झालेला आढळतो. तेथे पेशी मोठी व्हायचे विसरते आणि विभागतच राहते.

जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या त्वचेच्या पेशीत चार जनुके घालून तिला पुन्हा मूलपेशीसारखे केले. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशीवरही हे साधले. २०१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २००९ साली असे दिसले की मायक्रोआरएनए-१४५ हा यांपैकी तीन जनुकांच्या संदेशांवर बसतो. म्हणजे मूलपेशीला बालपणात राखणारी जनुके हीच, आणि तिला बालपणातून बाहेर काढण्यासाठी चिठ्ठी लागते तीही त्यांच्यावरच. २०११ साली तर मायक्रोआरएनए-९ आणि मायक्रोआरएनए-१२४ यांच्या मदतीने माणसाच्या त्वचेच्या पेशींपासून प्रयोगशाळेत चेतापेशी तयार करण्यात आल्या.

मग तुटलेला अवयव पुन्हा उगवता येईल का? निसर्गात याची उदाहरणे आहेत. झेब्रा मासा हा आपल्या देशातील ओढ्या-नद्यांत सापडणारा बोटाएवढा पट्टेदार मासा. त्याचा पर कापला, तर पुन्हा येतो. त्याच्या हृदयाचा पाचवा हिस्सा कापला, तरी काही आठवड्यांत भरून येतो. २००८ साली शास्त्रज्ञांना दिसले, की पर कापल्यावर तेथील मायक्रोआरएनए-१३३ चे प्रमाण उतरते. 'विभागू नका' ही चिठ्ठी काढून घेतली जाते, आणि पेशी वाढू लागतात. ही चिठ्ठी मुद्दाम वाढवली, तर पर हळू उगवतो.

उंदराचे नवजात पिल्लूही पहिल्या काही दिवसांत हृदयाची जखम भरून काढते. आठवड्याभरात ही शक्ती जाते. त्या काळात हृदयात काही मायक्रोआरएनए वाढतात आणि पेशींचे विभाजन थांबवतात. माणसाच्या हृदयाचेही दुखणे हेच आहे. हृदयविकाराचा झटका आला की स्नायूचा जो भाग मरतो, तो पुन्हा येत नाही. त्या जागी नुसता व्रण राहतो, आणि व्रण आकुंचन पावत नाही.

यावर एक उपाय सुचला. इटलीतील मॉरो जाका यांच्या गटाने २०१२ साली दाखवले, की मायक्रोआरएनए-१९९ए दिल्यास उंदराच्या हृदयाच्या पेशी पुन्हा विभागू लागतात. मग हाच प्रयोग डुकरांवर झाला. कारण डुकराचे हृदय आकाराने आणि रचनेने माणसाच्या हृदयाच्या जवळचे आहे. एका महिन्यात व्रण लहान झाला आणि हृदयाचे काम सुधारले. केवढी आनंदाची बातमी! पण थोड्याच काळात त्यांतली बहुतेक जनावरे अचानक मेली. चिठ्ठी देण्याची सोय केली होती, परत घेण्याची नव्हती. पेशी वाढतच राहिल्या. अपक्व पेशींमुळे हृदयाचा ठोका बिघडला. २०१९ साली शास्त्रज्ञांनी हा सर्व वृत्तांत, यशासकट आणि अपयशासकट, जाहीर केला.

मित्रांनो, या प्रयोगातून मला दोन गोष्टी कळल्या. पहिली ही, की बरे करणाऱ्या औषधालाही 'आता थांब' हे सांगता आले पाहिजे. दुसरी ही, की खरा शास्त्रज्ञ आपले अपयश लपवत नाही. जाहिरात फक्त यश सांगते. ज्या कागदावर 'सर्व आजार बरे' असे लिहिलेले असते आणि धोक्याचा एक शब्दही नसतो, तो कागद दोनदा वाचावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच सांगितले आहे. रक्ताच्या आजारांसाठी होणारे मूलपेशींचे प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. त्यापलीकडचा वापर रीतसर परवानगी घेतलेल्या प्रयोगातच व्हावा, बाजारात विकला जाऊ नये.

मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या अब्बांनी चहा मागवला. मी त्यांना झेब्रा मासा, पिल्लाचे हृदय आणि ती डुकरे, सगळे सांगितले. लहान मुलाच्या बोटाचे अगदी टोक तुटले आणि नखाचे मूळ शिल्लक असले, तर ते टोक पुन्हा वाढू शकते, हेही सांगितले. पण मोठ्या माणसाचे पूर्ण बोट परत आणणारे इंजेक्शन आज जगात कोठेही नाही, हे मात्र स्पष्टपणे सांगितले. हे बोलताना मला वाईट वाटत होते. ते काही वेळ आपल्या हाताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, बोट तर गेलंच. मागही गेला असता."

माग आजही त्यांच्या घरी चालू आहे. तो मुलगा आता दहावीत आहे. परवा तो मला म्हणाला, "सर, चिठ्ठी लावायची आणि वेळेवर काढायची, असं औषध मी शोधीन." मी त्याला सांगितले, "जरूर शोध. पण त्याआधी सहामाही परीक्षेत विज्ञानाचा पेपर नीट लिही."

शब्दार्थ

कूर्चा – हाडापेक्षा मऊ व लवचीक ऊती
केंद्रक – पेशीच्या मध्यभागी असलेला महत्त्वाचा भाग
जनुक – आनुवंशिक गुण ठरवणारा डीएनएचा भाग
प्रथिन – शरीराची घडण व कामे करणारा पदार्थ
मज्जा – हाडांच्या पोकळीतील मऊ पदार्थ
चेतापेशी – मेंदू व मज्जातंतूंतील पेशी
व्रण – जखम भरल्यावर राहणारी खूण
अपक्व – पूर्ण वाढ न झालेला
रीघ लागणे – एकामागून एक सतत येत राहणे
कडी-कोयंडा – दार बंद करण्याची साखळी व ती अडकवण्याचा आकडा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पालीची नवी शेपटी जुन्या शेपटीपेक्षा कशी वेगळी असते?
(आ) लिन-४ हा तुकडा किती अक्षरांचा होता?
(इ) मूलपेशीला कोणत्या दोन गोष्टी करता येतात?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बावर्चीखान्याच्या उदाहरणाने लेखकाने पेशीचे काम कसे समजावून सांगितले आहे?
(आ) डुकरांवरील प्रयोग यशस्वी झाला की अयशस्वी? तुमचे मत कारणे देऊन लिहा.

३. 'पेशी' हा शब्द उर्दूत व मराठीत वेगवेगळ्या अर्थांनी वापरतात. दोन्ही भाषांत असलेले, पण अर्थ वेगळा असणारे आणखी तीन शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.

४. औषधाची एखादी जाहिरात आणून वर्गात वाचा. तिच्यात काय सांगितले आहे आणि काय सांगितलेले नाही, याची चर्चा करा.